बाळाचं दूध कुठल्या भांड्यात तापवता?

परवा आमच्या आळीत बारसं होतं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मग नेहमीप्रमाणे आम्ही बायका आलेल्या भेटी बघायला बसलो. झबली-टोपडी, दुपटी, चांदीचे वाळे हे तर होतंच. पण सगळ्यांच्या नजरा खिळल्या त्या बाळाच्या मुंबईच्या आत्यानं आणलेल्या खोक्यावर. आत लखलखीत पितळी संच! दूध तापवायचं छोटं पातेलं, वाटी, चमचा आणि वर एक बोंडलं. हल्ली या वस्तू घरबसल्या मोबाइलवरून मागवता येतात. खोक्यावर आजीच्या काळच्या शुद्धतेबद्दल काहीबाही छापलेलंही होतं.

खोक्यावरच्या आजीचं सोडा, पण आमच्या शेजारच्या खऱ्याखुऱ्या आजी, ऐंशी उलटलेल्या, त्यांनी ते पातेलं हातात घेतलं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगो, ह्याला कल्हई कुठे आहे? तान्ह्याचं दूध ह्यात तापवू नको हो. माझा थोरला लिव्हरनं गेला."

बाळंतीण बिचारी गोंधळली. "लिव्हरनं म्हणजे काय आजी?"

तिचा तरी काय दोष? आज तिशीच्या आत-बाहेरच्या आम्हा बायकांना हा शब्द या अर्थानं ठाऊकच नाही. आमच्या आयांना थोडा आठवतो, आणि आज्यांना मात्र तो नुसता ऐकला तरी धस्स होतं. इतका भयंकर आजार एका पिढीत विस्मरणात कसा गेला, हे मी त्या दिवसापासून शोधून वाचते आहे. ही हकीगत बरीचशी आपल्या पुण्यात घडली, आणि तिच्या मध्यभागी आहे ते आपल्याच स्वयंपाकघरातलं दुधाचं पातेलं.

'लिव्हर झालं' म्हणजे काय व्हायचं?

मूल साधारण सहा महिन्यांचं झालं की तीन-चार वर्षांचं होईपर्यंत केव्हाही हा आजार डोकं वर काढी. चांगलं बाळसेदार मूल किरकिर करू लागे, खाईनासं होई. आईला वाटे, दात येताहेत. मग पोट वाढलेलं दिसे. हातापायांच्या काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबली की यकृताची, म्हणजे लिव्हरची, टणक आणि पानाच्या कडेसारखी धारदार कड हाताला लागे. शेवटी कावीळ, पोटात पाणी, आणि मग काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत सारं संपे. काही घरांत एकामागून एक दोन-तीन भावंडंही अशी गेली आहेत.

कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली या आजाराचं वर्णन केलं. पुढे वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' असं नाव मिळालं, म्हणजे हिंदुस्थानातल्या मुलांचा सिऱ्होसिस. सिऱ्होसिस म्हणजे यकृताच्या पेशी मरत जातात आणि त्यांच्या जागी वणासारखा निबर भाग तयार होत जातो. मोठ्या माणसांत दारूनं होतो तो हाच. पण ज्या घरांत दारूचा थेंब शिवत नव्हता, त्या घरांतल्या दुधपित्या पोरांना हे दुखणं यावं कशानं? शंभर वर्षं हे कोडं सुटलं नव्हतं.

कोडं सुटत नाही तेव्हा खापर कुणावर फुटतं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. आमच्या आजींना घरच्यांनी सांगितलं, "तुझं दूध बाधतंय, तोड." अंगावरचं तोडलं आणि म्हशीचं सुरू केलं, तेही घरच्या कल्हई उडालेल्या पितळी गंजात तापवून. पोटावर बिब्याचे डाग दिले, मद्रासकडच्या प्रसिद्ध लिव्हरच्या औषधाच्या बाटल्या पोस्टानं मागवल्या. "काय काय नाही केलं गो," एवढंच त्या म्हणाल्या. पातेल्याचा संबंध त्यांना पुढे वीसेक वर्षांनी एका डॉक्टरांकडून कळला.

काविळीचा विषाणू की आणखी काही?

कावीळ हा एक आजार नव्हे, ते लक्षण आहे, हे आधी सांगून ठेवते. डोळे पिवळे झाले याचा अर्थ यकृताचं किंवा पित्ताचं किंवा रक्ताचं काहीतरी बिघडलं. का बिघडलं, ते वेगळं शोधावं लागतं. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीचे प्रकार आता आपल्याला अक्षरांनी माहीत आहेत. ए आणि ई या दूषित पाण्या-अन्नातून येतात, बी आणि सी रक्तातून. १९८१ साली कोल्हापुरात पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती आणि पुण्याच्या विषाणू संस्थेनं तिचा अभ्यास केला होता. तेव्हा ती ए-ही नाही आणि बी-ही नाही एवढंच म्हणता येत होतं, 'ई' हे नाव नंतरचं.

बी काविळीची खूण अमेरिकेच्या डॉ. ब्लूमबर्ग यांना १९६० नंतरच्या दशकात रक्तात सापडली, त्याबद्दल १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मग साहजिकच डॉक्टरांच्या मनात आलं की आपल्याकडच्या मुलांचं लिव्हर म्हणजे याच विषाणूचा तर प्रताप नसेल? म्हणून सुईनं यकृताचा तांदळाएवढा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं सुरू झालं. त्या तुकड्यात बी-चा विषाणू ओळखायला एक रंग वापरत. जपानच्या शिकाता यांनी १९७४ साली ती रीत दाखवून दिली होती. रंगाचं नाव ऑर्सीन. आपण गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याच्याच भाऊबंद वनस्पतींपासून हा रंग मिळतो! वाचून मला मोठी मौज वाटली.

१९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी या हिंदुस्थानी मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सीननं रंगवून पाहिले. पेशी-पेशींत गडद तपकिरी कण भरलेले दिसले. पण ते विषाणूचे नव्हते. तो रंग आणखी एका गोष्टीला धरतो, ती म्हणजे तांबं साठलेली प्रथिनं. पुढच्याच वर्षी यकृतातलं तांबं प्रत्यक्ष मोजलं गेलं. निरोगी यकृताच्या वाळवलेल्या एका ग्रॅममध्ये ते साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत असतं. या मुलांत ते आठशेच्या वर, काहींत तर काही हजार मायक्रोग्रॅम होतं. विषाणू शोधायला गेले आणि हाती लागलं तांबं.

तांबं साठण्याचा विल्सनचा आजार डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. पण तो आनुवंशिक, बहुधा पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांत दिसणारा, आणि त्यात रक्तातलं तांबं वाहून नेणारं एक प्रथिन कमी पडतं. आपल्या या बाळांत ते प्रथिन कमी नव्हतं. मग तांबं आलं कुठून?

पुण्याच्या डॉक्टरांनी आयांना विचारलं

लंडनच्या त्या कामात डॉ. स्टुअर्ट टॅनर हे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी पुण्यातल्या रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांच्याबरोबर काम सुरू केलं. हे बानू कोयाजींचं रुग्णालय. आसपासच्या जिल्ह्यांतून, खेड्यापाड्यांतून अशी मुलं तिथे येत असत. डॉक्टरांनी तपासण्या तर केल्याच, पण आयांना समोर बसवून साधे प्रश्नही विचारले. बाळाला अंगावर किती महिने पाजलंत? वरचं दूध केव्हा सुरू केलंत? गाईचं की म्हशीचं? आणि ते दूध कशात तापवता, कशात ठेवता?

मला या सगळ्या संशोधनात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. यंत्रं, रंग, सूक्ष्मदर्शक सगळं खरं. पण 'कशात तापवता' हा प्रश्न शंभर वर्षांत बाईला कुणी नीट विचारलाच नव्हता.

उत्तरं एकसारखी येऊ लागली. अंगावरचं लवकर सुटलेलं, वरचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि ते दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं. १९८३ च्या ऑक्टोबरात 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात या मंडळींचा लेख छापून आला: लहान वयात दिलेलं, तांबं उतरलेलं जनावराचं दूध हे या आजाराचं कारण असू शकतं. 'असू शकतं' हा त्यांचा शब्द लक्षात घ्या, शास्त्रज्ञ एकदम 'आहेच' म्हणत नाहीत. मग त्यांनी आजारी मुलांशी त्याच वयाच्या निरोगी मुलांची जोडी लावून दोघांच्या दूधपाण्याची तुलना केली. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि बोट पुन्हा त्याच पातेल्याकडे गेलं.

आता तुम्ही म्हणाल, पितळेत पदार्थ कळकतो हे आपल्याला काय नवीन? ताक, चिंचेचं सार, आमसुलाचं कढण कल्हई नसलेल्या भांड्यात कुणी ठेवत नाही. हिरवट कळा येते, चव जाते, मळमळतं. बरोबर, पण ही शिस्त आपण आंबटापुरतीच पाळली. दूध गोड, त्याचा रंग बदलत नाही, ते काही कळकत नाही, म्हणून दुधाचं भांडं थोडं कल्हईला आलं तरी बायका चालवून घेत. खरी गोम इथेच आहे. दुधातल्या केसीन या प्रथिनाला तांब्याची भारी ओढ. पितळेत निम्म्याहून अधिक तांबंच असतं, बाकी जस्त. दूध तापतं, तासन्‌तास त्याच भांड्यात राहतं, संध्याकाळी पुन्हा तापतं, आणि पाण्यात उतरेल त्याहून कितीतरी जास्त तांबं त्यात गुपचूप उतरतं. गाईच्या किंवा म्हशीच्या ताज्या दुधात तांबं अगदी थोडं, आईच्या दुधापेक्षाही कमी असतं. बाधत होतं ते दूध नव्हे, भांडं.

बरं, मोठी माणसंही तेच दूध पीत होती, त्यांना काही झालं नाही. त्याचंही कारण आहे. आपण जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतो. बाळ आईच्या पोटातून येतानाच यकृतात तांब्याची शिदोरी घेऊन येतं, आणि पहिले काही महिने त्याची पित्तावाटे तांबं टाकायची ताकद कमी असते. शिवाय मोठ्यांच्या ताटात भात-भाकरी असते. बाळाचं सगळं खाणं म्हणजे दूधच.

हा आजार खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या घरांत जास्त दिसतो, हेही डॉक्टरांना फार दिवस बुचकळ्यात टाकत होतं. भांड्यांकडे पाहिलं की ते उलगडतं. ज्याच्या घरी दुभतं जनावर आणि मुलीच्या लग्नात नाव घालून दिलेली पितळी भांडी, त्याच्याच बाळाला हे दूध मिळणार. ज्या माउलीकडे मडकं नाहीतर जर्मनचं टोपलं, आणि वरच्या दुधाला पैसे नाहीत म्हणून मूल दोन वर्षं अंगावर, तिचं मूल या एका दुखण्यातून तरी सुटलं. आजारी मुलांत मुलगे जास्त असत असंही नोंदलेलं आहे. मुलगा म्हणून त्यालाच वाटीभर जास्त दूध, हे त्यामागे असेल काय, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण हा आपला माझा तर्क.

औषध आणि स्टील

कारण कळलं की उपायाची वाट दिसते. शरीरातलं तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध केंब्रिजच्या डॉ. वॉल्श यांनी १९५६ सालीच विल्सनच्या आजारासाठी वापरलं होतं. पुण्यात ते या बाळांना देऊन पाहिलं. कावीळ आणि पोटातलं पाणी फार पुढे गेलेली मुलं बहुतेक हाती लागली नाहीत. पण आधीच्या पायरीवर आलेल्यांपैकी कित्येक जगली, आणि १९९६ साली त्याच मंडळींनी प्रसिद्ध केलं की अशी जगलेली मुलं पुढे वर्षानुवर्षं धडधाकट राहिली, त्यांचं यकृतही सुधारलं. ज्या आजारात आईला आधीच 'मनाची तयारी ठेवा' म्हणून सांगत, तिथे हे केवढं मोठं!

आजार टाळण्याबद्दलचा त्यांचा लेख १९९२ चा. सांगणं सोपं होतं: बाळाला अंगावर पाजा, आणि वरचं द्यायचंच तर पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवू नका. याच सुमाराला घरोघर स्टील आलं. बोहारणीला जुनी लुगडी देऊन आपल्या सासवांनी जी स्टीलची पातेली घेतली, त्यांनी नकळत किती पोरं वाचवली असतील! १९९० नंतर हा आजार झपाट्यानं दिसेनासा झाला. आज बालरोगाच्या विद्यार्थ्यांना तो पुस्तकातच वाचावा लागतो.

तरी एक शंका आमच्या सासूबाईंनी काढलीच. "आम्ही सगळी पितळेतलंच दूध पिऊन वाढलो, आम्हाला नाही काही झालं!" शंका रास्त आहे, आणि डॉक्टरांनीही ती काढली होती. तिचं उत्तर ऑस्ट्रियातल्या टायरॉल नावाच्या डोंगराळ मुलखातून आलं. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अगदी अशाच यकृताच्या आजारानं गेली. तिथेही गाईचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत उकळून बाळांना देत, आणि भांडी बदलली तसा आजार गेला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वंशावळी तपासल्या तेव्हा दिसलं की तांबं न सोसण्याचा कमकुवतपणा काही घराण्यांत उतरत येत होता. म्हणजे तांब्याचं दूध पिणारं प्रत्येक मूल आजारी पडत नाही. पण कुठल्या बाळाला सोसणार नाही ते कपाळावर लिहिलेलं नसतं, आणि ते पाहण्यासाठी प्रयोग कशाला करायचा? सासूबाई गप्प झाल्या. पटलं म्हणून की मी मास्तरीण म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

मग माळ्यावरच्या भांड्यांचं काय?

पितळी भांडी टाकून द्या असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझ्या स्वतःच्या माळ्यावर आजेसासूबाईंचं घंगाळ आणि दोन पराती आहेत आणि त्या मी कुणाला देणार नाही. आंघोळीचं पाणी, पिठाची परात, देवाचं, सणाचं, यांना पितळ शोभतं. शिजवायला वापरायचं तर कल्हई हवीच. ती कथलाची असते. शिशाची भेसळ असलेली कल्हई आणखी वाईट, म्हणून माहितीचाच कल्हईवाला गाठावा. आमच्या सावर्ड्याच्या आळीत 'कल्हईऽऽ' अशी हाळी ऐकून मला तर कित्येक वर्षं झाली. भाता, निखारे, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, सगळं लहानपणी पाहिलेलं. ज्यांना ही दगदग नको त्यांनी पितळेत शिजवूच नये. आंबट पदार्थ आणि दूध तर नाहीच नाही.

तांब्याच्या तांब्यातलं पाणी प्यावं का, हा प्रश्न शाळेत मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. निरोगी मोठ्या माणसानं स्वच्छ भांड्यातलं साधं पाणी प्यायला हरकत नाही. त्यात लिंबू पिळून मात्र ठेवू नये. तान्ह्यांना ते देऊ नका, आणि त्या पाण्यात दुधाची भुकटी तर मुळीच कालवू नका. तसंही पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाण्याचीसुद्धा गरज नसते. पुढे वरचं दूध द्याल ते स्टीलमध्ये तापवा, स्टीलच्याच वाटी-चमच्यानं पाजा. बोंडलं हवंच असेल तर स्टीलचं घ्या.

जुनं लिव्हर गेलं म्हणून बाळांच्या यकृताची काळजी संपली असं मात्र नाही. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात बरीच बाळं पिवळी होतात आणि आपोआप उतरतात. पण दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला, शी पांढुरकी, चुन्यासारखी होऊ लागली आणि लघवीनं दुपट्यावर पिवळा डाग पडू लागला, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे, नाकात औषध सोडणाऱ्याकडे एक दिवसही घालवू नका. पित्ताची नळी जन्मतः बंद असण्याची ही खूण असू शकते, आणि तिची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर यश जास्त. पूर्वी आपल्या भागातून अशा मुलाला कुंभार्ली घाट चढून पुण्याला नाहीतर मुंबईला न्यावं लागे; आता निदान पहिल्या तपासणीला डेरवणचं वालावलकर रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे.

आणि बी काविळीची लस. २०११ पासून ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे. पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो, पुढचे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. प्रसूतिगृहातून निघताना बाळाच्या कार्डावर 'हिपॅटायटिस बी' समोर तारीख पडली आहे ना, ते बाळंतिणीच्या आईनं नाहीतर सासूनं स्वतः बघून घ्यावं. बाळंतीण त्या गडबडीत विसरते.